तागडींतला टोमॅटो

आपल्याकडे स्पर्धा म्हटली म्हणजे पाठांतराची, रांगोळीची, वक्तृत्वाची किंवा फार झालें तर सूर्यनमस्कारांची आठवण होते. परसांतील एका फळाचें वजन करून त्यावर शेजाऱ्याशीं चुरस लावावी, ही कल्पना आपल्या सुशिक्षित घरांतून कांहींशी पोरकट वाटण्याचा संभव आहे. तथापि अमेरिकेंत व इंग्लंडांत कचेरींत काम करणारे गृहस्थ, पेन्शनर मंडळी आणि संसारी स्त्रिया वर्षानुवर्षें हाच खेळ मोठ्या निष्ठेनें खेळत आल्या आहेत. त्यांत पैशाचा लाभ नांवापुरता, आणि जिंकलेलें फळ आठवड्याभरांत नासून जाणारें. असें असूनहि ही हौस टिकून आहे, एवढेंच नव्हे तर तिनें वनस्पतिशास्त्रास कांहीं बोलकीं उदाहरणें पुरविलीं आहेत. म्हणून तिची हकीकत थोडी विस्तारानें सांगण्याजोगी आहे.

प्रथम आंकडे पाहूं. इ. स. १९८६ सालीं ओक्लाहोमा संस्थानांतील एडमंड या गांवीं गॉर्डन ग्रॅहॅम या हौशी बागवानानें 'डिलिशस' नांवाच्या जातीचें बीं लावून ७ पौंड १२ औंस, म्हणजे सुमारें ३.५१ किलोग्रॅम वजनाचा टोमॅटो काढला. त्या एका फळाच्या चकत्यांनीं कुटुंबांतील एकवीस माणसांचीं सँडविचें झालीं, अशी त्याची प्रसिद्धि आहे. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या आपल्या वाचकांस या हिशेबाचें महत्त्व निराळें सांगावयास नको. हा उच्चांक तब्बल अठ्ठावीस वर्षें कोणास मोडतां आला नाहीं. २०१४ सालीं मिनेसोटा संस्थानांत ३.८१ किलोग्रॅमचें फळ निघालें आणि तेथून जणूं बांध फुटला. पुढें वॉशिंग्टन संस्थानांतील वॉला वॉला येथें ४.८९६ किलोग्रॅम, आणि २०२२ सालीं ५.२८४ किलोग्रॅम अशी नोंद झाली. जुन्या ऐंशी तोळ्यांच्या शेरानें मोजल्यास हें शेवटचें फळ साडेपांच शेरांहून अधिक भरेल. बाजारांतला बरा टोमॅटो ऐंशी ते शंभर ग्रॅमचा असतो. म्हणजे तसल्या पन्नासांहून अधिक टोमॅटोंचें वजन या एका फळानें पोटांत घेतलें होतें.

विणकऱ्यांची गूजबेरी

अशा चढाओढीची परंपरा टोमॅटोहून पुष्कळ जुनी आहे. इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यांतील हातमागावरच्या विणकऱ्यांस अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत गूजबेरीचें वेड होतें. (आपण जिला रसभरी म्हणतों त्या केप गूजबेरीहून ही निराळी, हिचें कांटेरी झुडूप असतें.) झोंपडीमागच्या वीतभर जागेंत दोनचार झुडपें लावावयाचीं, त्यांवरचीं बहुतेक फळें खुडून एकदोनच राखावयाचीं, आणि ठरलेल्या दिवशीं तीं गुत्त्यांत नेऊन नाजूक कांट्यावर तोलावयाचीं, असा त्यांचा क्रम असे. रानटी गूजबेरीचें वजन सुमारें १२० ग्रेन. या विणकऱ्यांच्या परंपरेंतून निघालेल्या 'लंडन' नांवाच्या जातीचें एक फळ १८५२ सालीं ८९५ ग्रेन, म्हणजे सुमारें ५८ ग्रॅम, भरलें. रानटी फळाच्या सातपटींहून हें अधिक होय.

ही वाढ चार्ल्स डार्विनच्या नजरेंतून सुटली नाहीं. १८६८ सालीं प्रसिद्ध झालेल्या, पाळीव प्राणी व लागवडीच्या वनस्पति यांवरील आपल्या ग्रंथांत त्यानें गूजबेरीचीं हीं वजनें सालवार दिलीं आहेत. निवडीनें जातींत किती पालट घडवितां येतो याचें असें स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळतें, कारण दरवर्षीं तीच तागडी, तीच रीत आणि तोच लेखी आंकडा. शास्त्रज्ञांनीं मुद्दाम योजिलेला तो प्रयोग नव्हता. गरीब विणकऱ्यांच्या ईर्ष्येनें तो आपोआप घडला. यॉर्कशायरमधील एग्टन ब्रिज येथील गूजबेरीची जत्रा १८०० सालीं सुरू झाली, आणि २०१९ सालीं तेथेंच ६४.८३ ग्रॅमच्या फळाची नोंद झाली. १८५२ नंतरच्या १६७ वर्षांत अवघी सात ग्रॅमांची भर पडली, यावरून निवडीच्या पायऱ्या पुढें पुढें कशा अरुंद होत जातात हेंहि ध्यानांत येईल.

वाटाण्याएवढ्या फळाचें पांच किलो कसें झालें

टोमॅटोचें मूळ दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडील पेरू व इक्वेडोर देशांत. तेथें आजहि रानोमाळ वाढणाऱ्या त्याच्या पूर्वजाचीं फळें वाटाण्याहून थोडीशींच मोठीं असतात. मेक्सिकोंतील लोकांनीं तें झाड लागवडीस आणलें. 'टोमॅटो' हें नांवहि तेथल्या नाहुआत्ल भाषेंतून आलें. सोळाव्या शतकांत स्पॅनिश लोकांबरोबर तें युरोपांत गेलें आणि युरोपीय व्यापाऱ्यांबरोबर आपल्याकडे आलें. आपल्या कित्येक सोंवळ्या स्वयंपाकघरांत त्यास बराच काळ मज्जाव होता. त्याचा तांबडालाल रस वडील मंडळींस पाहवत नसे, आणि श्राद्धाच्या पानांत तो अनेक घरीं अजूनहि वाढीत नाहींत. खानदेश-विदर्भांत मात्र 'भेदरें' म्हणून तो लवकरच घरचा झाला. आणि आतां तर टोमॅटोच्या साराशिवाय पाहुणचार पुरा होत नाहीं.

रानटी टोमॅटो आडवा कापला तर आंत दोनच कप्पे दिसतात. फळ मोठें होण्यास दोन वाटा आहेत: एक म्हणजे त्याच कप्प्यांतील पेशी वाढणें, व दुसरी म्हणजे कप्प्यांची संख्याच वाढणें. पहिल्या वाटेचा एक धागा २००० सालीं अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांस सांपडला. फळाच्या वजनांत शेंकडा तीसपर्यंत फरक पाडणारें एक जनुक त्यांनीं वेगळें करून दाखविलें. दुसऱ्या वाटेवर आणखी दोन जनुकें उभीं आहेत. त्यांतील एकांत बिघाड झाल्यानें कळीचा अंकुर वेळेवर थांबत नाहीं, आणि दोनांऐवजीं सहा, सात किंवा अधिक कप्पे तयार होतात. आपण बाजारांत जो चपटा, खांचाखांचांचा, गांवठी टोमॅटो पाहतों तो याच प्रकारांतला.

उच्चांकाचा टोमॅटो याहि पलीकडे जातो. त्याच्या झाडावर क्वचित् एखादें असें फूल येतें कीं तें एक नसून तीन, चार किंवा त्याहून अधिक फुलें जन्मतःच एकमेकांत मिसळून गेलेलीं असतात. सामान्य टोमॅटोच्या फुलास पांच-सहा पाकळ्या; हें फूल लहानशा झेंडूप्रमाणें भरगच्च दिसतें. त्यांतील सर्व बीजकोश एक होऊन एकच अवाढव्य फळ धरतें. हीं जोडफुलें बहुधा झाडाच्या पहिल्या घोंसांत, तेंहि कळी आकार घेत असतां हवा थंड असल्यास, अधिक येतात. तरबेज बागवान डोळ्यांत तेल घालून याच फुलाची वाट पाहतो, आणि तें दिसलें कीं इतर फुलांवर निष्ठुरपणें कात्री चालवितो.

फळ राखण्याची विद्या

एकदां हें फूल मिळालें म्हणजे खरी कसोटी सुरू होते. टोमॅटोच्या फुलांत परागकोशांची एक बंद नळी असते. ती हालली तरच पराग खालीं झडतो. एरवीं वारा किंवा गुणगुणणारा भुंगा हें काम करतो. परंतु जोडफुलाच्या रुंद, वेड्यावांकड्या मुखाचा प्रत्येक भाग परागानें माखला नाहीं तर आंत बिया कमी धरतात, आणि ज्या बाजूस बिया कमी त्या बाजूस फळ खुरटतें. म्हणून हे लोक विजेवर चालणारा, दांत घासावयाचा ब्रश देंठास लावून फूल थरथरवितात. एका झाडावर एक, फार तर दोनतीन फळें राखतात. पानांच्या बगलेंतून फुटणारे फुटवे खुडीत जातात. आणि फळ जडावूं लागलें म्हणजे देंठ मोडूं नये म्हणून त्यास कापडाच्या झोळींत निजवितात.

यापुढचें सारें शास्त्र पाण्याचें आहे. टोमॅटोंत शेंकडा चौऱ्याण्णव भाग पाणी. तेव्हां वजन म्हणजे बहुतांशीं पाणीच. पण तें एकदम पाजून चालत नाहीं. चार दिवस कोरडे जाऊन पांचव्या दिवशीं भरपूर पाणी मिळालें कीं आंतला गर फुगतो, साल तेवढी ताणली जात नाहीं, आणि फळ तडकतें. उलट पाण्याचा ओघ अनियमित राहिला तर मुळांनीं घेतलेला चुना फळाच्या टोंकापर्यंत पोंचत नाहीं, व बुडखा काळा पडून सडतो. नत्राचें खत हात सैल सोडून घातलें तर झाड पानांनींच माजतें. थोडें, पण नेमानें, हाच येथला मंत्र आहे. आणि तो दोन महिने एक दिवस न चुकतां पाळावा लागतो. ऊन्ह फार कडक असल्यास फळावर सावली धरावी लागते, रात्रीं गोगलगाय शोधावी लागते. एवढें करूनहि तोलण्याच्या आदल्या दिवशीं फळास बारीकशी चीर पडून सर्व श्रम वायां गेल्याचीं उदाहरणें या मंडळींत घरोघर आहेत. त्यांस सहनशीलता शिकविण्यास निराळा गुरु लागत नाहीं.

तोलण्याचे नियम साधे पण कडक असतात. भोपळे व इतर प्रचंड फळें यांच्या स्पर्धांवर देखरेख करणारी 'ग्रेट पंपकिन कॉमनवेल्थ' ही संस्था टोमॅटोचीहि नोंद ठेवते. फळ निरोगी असलें पाहिजे. तें सडकें, भोंक पडलेलें किंवा रस गळणारें असतां कामा नये. पानें, वेल वगैरे अवांतर भाग काढलेला असावा. आणि कांटा तपासून मान्य झालेला असावा. नियमांत न बसणारें फळ कितीहि मोठें असलें तरी तें बाद. पंचाशीं वाद घालीत बसण्याची चाल नाहीं.

बियांचें गोत्र

परंतु या छंदाचें सर्वांत मनोहर अंग फळांत नाहीं, बियांत आहे. ज्याचें फळ पहिलें आलें त्यानें आपलें बीं लपवून ठेवावें असें कोणासहि वाटेल. येथें बहुधा उलट घडतें. विजयी फळाच्या बिया लहान लहान पाकिटांत घालून, बहुधा केवळ टपालखर्चावर, प्रतिस्पर्ध्यांसच पाठविण्यांत येतात. प्रत्येक पाकिटावर त्या फळाचें वजन, लावणाऱ्याचें आडनांव आणि साल लिहिलेलें असतें, आणि बीं संकराचें असल्यास मातृपक्ष व पितृपक्ष दोन्ही नमूद केलेले असतात. मुंजींत बटूनें आपलें गोत्र आणि प्रवर सांगावे, तशीं हीं बिया लावणारीं माणसें आपल्या रोपाची वंशावळ घडघडां म्हणून दाखवितात. २०१४ सालच्या उच्चांकाचें फळ 'बिग झॅक' जातीचें होतें. आणि ही जात कोणा सरकारी संशोधनशाळेंत नव्हे, तर न्यू जर्सी संस्थानांतील मिनी झॅकॅरिया नांवाच्या एका गृहिणीनें आपल्या बागेंत दोन जुन्या जातींचा संकर करून तयार केली होती. अठ्ठावीस वर्षें अडलेला उच्चांक पुढें आठ वर्षांत दीड किलोग्रॅमहून अधिक पुढें सरकला, त्यास या मोकळ्या देवाणघेवाणीचा मोठाच हातभार लागला असें म्हणावयास हरकत नाहीं.

मोठ्या टोमॅटोनें केवळ मानच मिळतो असेंहि नाहीं. वेस्ट व्हर्जिनिया संस्थानांतील लोगन गांवीं मार्शल बाइल्स नांवाचा एक मोटारदुरुस्तीवाला होता. उभ्या चढाच्या पायथ्याशीं त्याचें दुकान. चढावर तापून बंद पडलेल्या मोटारी तो दुरुस्त करी. शाळेंत तो कधीं गेला नव्हता. मंदीच्या काळांत घर गहाण असतां त्यानें परसांत जर्मन जॉन्सन नांवाच्या टोमॅटोचें एक झाड मध्यें लावून त्याच्याभोंवतीं मोठ्या फळांच्या इतर जातींचीं झाडें लाविलीं. भोंवतालच्या झाडांचा पराग पिचकारीनें मधल्या झाडाच्या फुलांवर तो घाली, उत्तम फळाचें बीं राखी, आणि पुढील वर्षीं तेंच पुन्हां करी. सहा वर्षांनीं त्यास हवा तसा मोठा, गरदार टोमॅटो साधला. मग १९४० नंतरच्या वर्षांत त्यानें एकेक रोप एकेका डॉलरास विकण्यास आरंभ केला. लोक दोनदोनशें मैलांवरून मोटारी हाकीत रोपें नेण्यास येत. सहा हजार डॉलरांचें कर्ज त्यानें सहा वर्षांत फेडलें. त्या जातीस 'मॉर्गेज लिफ्टर', म्हणजे गहाण सोडविणारा, हेंच नांव पडलें, आणि तें बीं आजहि विकलें जातें.

याचा उपयोग काय?

येथें एखादे व्यवहारदक्ष आजोबा विचारतील, "या एका फळासाठीं झाडावरचीं इतर फळें खुडलीं, तीं ठेवलीं असतीं तर तेवढ्याच वजनाची भाजी झाली नसती काय?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर 'झाली असती' असेंच द्यावें लागेल. प्रचंड फळ चवीसहि नेहमींच सरस असतें असें नाहीं. त्याचा देंठाकडचा भाग पांढरट व चिवट निघण्याचा संभव असतो. नारायणगांव किंवा पिंपळगांव बसवंत येथील बाजारांत टोमॅटोच्या गाड्या भरणाऱ्या आमच्या शेतकऱ्यास असल्या फळाचा कांहींच उपयोग नाहीं. त्यास सारख्या आकाराचा, टणक सालीचा, प्रवासांत न फुटणारा माल हवा असतो.

परंतु घरच्या गच्चीवरील चार कुंड्यांचा हिशेब बाजाराच्या हिशेबानें करणें बरोबर नाहीं. त्या कुंड्यांतून घरखर्चांत बचत ती काय होणार? त्यांतून मिळावयाचें तें निराळें आहे. एका रोपाकडे रोज सकाळीं दहा मिनिटें लक्ष देऊन पाहणें, पाहिलेलें वहींत टिपणें, चूक कोठें झाली तें पुढील हंगामांत शोधणें, आणि साधलें तें शेजाऱ्यास सांगणें, ही संवय लागणें हाच खरा लाभ होय. आपल्या महाराष्ट्रांतहि श्रीपाद अच्युत दाभोलकर यांनीं 'प्रयोग परिवारा'च्या द्वारें हेंच सांगितलें. सामान्य माणसानें आपल्या दारांत प्रयोग करावा, मोजमाप ठेवावें व निष्कर्ष एकमेकांत वाटून घ्यावे, यावर त्यांचा सारा भर होता. लँकेशायरच्या विणकऱ्यांस हें कोणी शिकविलें नव्हतें, तागडीनें शिकविलें.

आपल्या गच्चीवर

ज्या घरीं दोनतीन बिऱ्हाडें एकत्र नांदतात, किंवा ज्या वाड्यांत चार शेजारी सलोख्यानें राहतात, तेथें हा खेळ सहज करून पाहतां येईल. देशावरील हवेंत त्याचा हंगाम आपल्या सणांशीं छान जुळतो. अनंतचतुर्दशीस बीं पेरावें, दसऱ्याच्या सुमारास रोपें मोठ्या कुंडींत किंवा वाफ्यांत लावावीं, आणि रथसप्तमीस फळें तोलावीं. रात्रीचें उष्णमान चोवीस अंशांवर असतां, अथवा तेरा अंशांखालीं उतरलें असतां, फळ नीट धरत नाहीं. कार्तिक महिन्याची हवा बहुधा या दोहोंच्या मध्यें असते.

सर्वांनीं एकाच पुडीतलें बीं घ्यावें, म्हणजे दैवाचा वांटा कमी होऊन हाताचा गुण दिसेल. बीं मोठ्या फळाच्या, पण संकरित नसलेल्या जातीचें असावें. कारण संकरित रोपाच्या बियांपासून पुढील पिढी तशीच निपजत नाहीं. प्रत्येकास दोनच रोपें. त्यांतील एकावर एकच फळ राखावें आणि दुसरें मोकळें वाढूं द्यावें. शेवटीं दोहोंवरच्या फळांचें एकूण वजन ताडून पाहिलें म्हणजे वर सांगितलेल्या आजोबांच्या प्रश्नाचेंहि घरच्या घरीं उत्तर मिळेल. मुलांकडे वही द्यावी. पाणी किती घातलें, पहिलें फूल कधीं आलें, फळाचा घेर आठवड्यास किती वाढला, हें त्यांनीं टिपावें. सासूबाईंनीं सुनेच्या कुंडीस आणि सुनेनें सासूबाईंच्या कुंडीस चोरून पाणी घालूं नये, एवढा एक नियम मात्र आधींच लिहून ठेवलेला बरा.

फळ तोलून झालें कीं त्याचा गर बियांसकट एका वाटींत काढून थोड्या पाण्यांत दोनतीन दिवस आंबूं द्यावा. वर सांका येतो तो ओतून टाकावा, तळाशीं बसलेल्या बिया धुवून ताटलींत पसराव्या व सावलींत वाळवाव्या. कागदावर पसरूं नयेत, चिकटतात. वाळल्यावर पुडी बांधून तीवर वजन, लावणाऱ्याचें नांव आणि साल लिहावें. पुढील वर्षीं त्या पुडीतल्या निम्म्या बिया ज्याचें फळ सर्वांत हलकें भरलें त्यास प्रथम द्याव्या, आणि उरलेल्या निम्म्या इतरांत वांटाव्या. आणि ज्या फळानें पहिला क्रमांक पटकाविला त्याच्या उरलेल्या गराचें सार करून त्या रात्रीं सर्व बिऱ्हाडांनीं एका पंक्तीस जेवावें.